लेझर कुठला घेऊ, हे नंतर. आधी कडप्पा शोधा

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहता, बेडरूममध्ये खरा होलोग्राम (काचेवर लेझरने उमटवलेलं, खोली असलेलं चित्र) करायचाय, तर लेझर कुठला घेऊ, असं तुम्ही विचारलंय. लेझर हा यातला सगळ्यात सोपा भाग. १९४७ साली भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांना होलोग्राफीची, म्हणजे होलोग्राम काढण्याची, कल्पना सुचली तेव्हा लेझर अस्तित्वातच नव्हता; त्यांनी पाऱ्याच्या दिव्यावर भागवलं. आपल्याला ५ मिलिवॅटचा साधा लाल डायोड लेझर पुरतो. मी माझा तपकीर गल्लीतून आणला. पुढचं भिंग काढलं की प्रकाश आपोआप पसरतो. (भिंग असताना थेट डोळ्यात जाऊ देऊ नका. स्वस्तातले हिरवे पॉइंटर तर नकोच.)

खरं भांडण आहे ते थरथरीशी. थेट आलेला प्रकाश आणि वस्तूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून जी नक्षी होते, ती प्लेटवर, म्हणजे प्रकाश टिपणारा थर दिलेल्या काचेवर, उमटते. लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.६५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्लेटवर लेझर पडत असताना वस्तू त्याच्या निम्म्यानेही हलली, तर हातात कोरी काच येते. माझ्या पहिल्या सात काचा कोऱ्या आल्या. केमिकलला शिव्या देऊन झाल्या, मग लक्षात आलं की रोज पहाटे पाचला वाड्यातली पाण्याची मोटर सुरू होते आणि मी नेमका त्याच वेळी बसतो.

माझा ‘स्टुडिओ’ म्हणजे सदाशिव पेठेतली तळमजल्यावरची जुनी कोठीची खोली. ओट्याचा उरलेला कडप्पा, त्याखाली स्कूटरच्या चार अर्धवट हवा भरलेल्या ट्यूब. पंक्चरवाला दोनदा म्हणाला, “हवा कमी आहे, अजून भरतो.” कमीच हवी असते, गच्च भरलेली ट्यूब जमिनीची थरथर वर पोचवते.

प्लेटा महाग, म्हणून टेबल स्थिर आहे का ते आधी भिंतीवर पट्टे पाडून बघा. भिंग लावलेला लेझर, किरणाचे दोन भाग करणारी तिरकी साधी काच, दोन आरसे. दोन्ही किरण परत एकत्र आणून एका भिंगातून भिंतीवर सोडायचे. काळे-लाल पट्टे दिसतात. आरसा ०.३ मायक्रॉन सरकला की एक अख्खा पट्टा सरकतो. मी ते पट्टे बघत रात्री काढल्यात. रस्त्यावरून बस गेली की पाण्यात खडा टाकावा तसे डुचमळतात. पंखा लावला तर दिसेनासेच होतात, म्हणून मे महिन्यात घामाघूम व्हायची तयारी ठेवा. गणपतीआधी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की संध्याकाळचं काम बंदच. रात्री दोन ते चार मात्र पट्टे भिंतीवर रंगवल्यासारखे उभे राहतात.

मांडणी सर्वात सोपी ती सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ युरी डेनिस्युकची, १९६२ची: लेझर, समोर प्लेट, प्लेटला जवळजवळ टेकून मागे वस्तू. बस. वस्तू टणक आणि उजळ हवी. हौसेने मी पितळी वाटीत मोगऱ्याचा गजरा ठेवला होता. वाटी झकास आली, गजऱ्याच्या जागी गजऱ्याच्याच आकाराचं काळं भोक. फुलं सुकताना हलतात, आपल्याला ते दिसत नाही इतकंच. नंतर देवघरातला शंख एम-सीलने बसवला (आई आठवडाभर बोलली नाही), तो पहिल्याच झटक्यात आला.

लेझर पंधरा मिनिटं आधी चालू करून ठेवा. प्लेट लावल्यावर दहा मिनिटं खोलीत हलायचं नाही. लेझरसमोरचा काळा पुठ्ठा आधी टेबलापासून किंचित उचला, पण प्रकाश अडलेलाच राहू द्या. दहा आकडे मोजा, मगच बाजूला घ्या. नवशिक्याने स्वतःच उमटणाऱ्या फोटोपॉलिमर प्लेटा घ्याव्यात, धुण्याची कटकट नाही.

बघताना ट्यूबलाइट नको, त्यात सगळं पुसट होतं. ऊन किंवा मोबाइलचा टॉर्च. माझा शंख लाल प्रकाशात काढला, पण प्लेटवरचा चांदीच्या क्षारांचा जिलेटिनी थर सुकताना आक्रसला आणि शंख हिरवट दिसू लागला. त्यावर हाऽऽ करून वाफ सोडली की थर फुगतो आणि शंख क्षणभर लालसर होतो. पावसाळ्यात तो आपणहूनच थोडा पिवळट दिसतो.

तिसरा मजला म्हणजे तळमजल्यापेक्षा जास्त हेलकावे, त्यात शेजारी लिफ्ट असेल तर अवघडच. सोसायटीच्या तळघरात एखादी बंद खोली आहे का, सेक्रेटरींना विचारून बघा. काय करायचंय ते मात्र नीट सांगा. रात्री दोनला लाल उजेड दिसला की लोक भलतंच समजतात.