भाडेकरूच घर घेतोय, मग एजंट कशाला?

प्रश्न : परभणीत वडिलांनी १९८८ साली प्लॉट घेऊन बांधलेलं आमचं घर आहे. वडील वारले, मृत्युपत्र नाही. मी आणि धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला, आई माझ्याकडे, बहीण सेलूला दिली आहे. घरातले भाडेकरू शिक्षक आहेत. ते ३८ लाखांत घर घ्यायला तयार आहेत, पैकी १० लाख रोख देतो म्हणतात. हे एका एजंटाला कळलं. तो म्हणतो, "ओळखीशिवाय रजिस्ट्री लागत नाही. दोन्हीकडून दोन-दोन टक्के द्या, सगळं करून देतो." एजंटाशिवाय व्यवहार करावा का? बहिणीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली, तिचं काही म्हणणं नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर करा. एजंटाला कमिशन द्यायचं ते गिऱ्हाईक आणण्याचं. तुमचं गिऱ्हाईक तर घरातच बसलेलं आहे. दोन टक्के म्हणजे तुमचे ७६ हजार आणि त्या शिक्षकांचेही तेवढेच. रजिस्ट्रीला कोणाची ओळख लागत नाही. लागतात ते तुम्हाला ओळखणारे दोन माणसं, आधार-पॅन, ऑनलाइन भरलेलं चलन आणि नीट लिहिलेला दस्त. या वाचलेल्या पैशातला थोडा भाग मात्र दिवाणी कामं करणाऱ्या वकिलावर खर्च करा, तिथे हात आखडू नका.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. बहिणीचं काही म्हणणं नाही, हे तुमचं म्हणणं झालं. तिचं म्हणणं कागदावर यायला हवं. पुष्कळ लोकांना वाटतं की मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून केलेल्या घरात हिंदू वारसा कायद्याने मुलीला १९५६ पासूनच मुलाइतका हिस्सा आहे. म्हणजे आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण, प्रत्येकी चार आणे. चौघांनीही खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून सही करायची. सेलू ते परभणी कितीसं लांब आहे? ताईंना मुखत्यारपत्र करून द्यायला सांगण्यापेक्षा स्वतः घेऊन या. त्यांना हिस्सा सोडायचा असेल तर त्या आपखुशीने आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देतील, पण विचारल्याशिवाय ते गृहीत धरू नका. आणि आईच्या हिश्श्याचा चेक आईच्याच खात्यात जाऊ द्या. लेकाकडे राहणाऱ्या बाईचे स्वतःचे पैसे असणं फार मोलाचं असतं, हे मी माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या अशिलांकडे बघून सांगते.

रोखीचे १० लाख घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापुढची रक्कम रोखीने घेता येत नाही. इसाराची रक्कमही त्यात आली. २०१५ पासूनचा हा नियम आहे आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, घेतली तेवढ्याच रकमेचा. शिवाय मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत किंवा रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर लागतं, म्हणून कागदावर आकडा पाडून शिक्षकांचा वाटतो तेवढा फायदाही होत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर त्यांना सांगा, घर बायकोच्या नावे घ्या, मुद्रांकात १ टक्का सूट मिळेल. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

भाव बरोबर आहे का, हेही एजंटाला विचारायची गरज नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या भागातल्या अलीकडच्या खरेदीखतांचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे गोषवारे, काढून बघा. वरून घेतलेली रोख त्यात दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

१९८८ चं मूळ खरेदीखत बाहेर काढा आणि त्यातली चतुःसीमा घरासमोर उभं राहून वाचा. हे काम कोणी करत नाही. जुन्यात 'दक्षिणेस मोकळा प्लॉट' असतं, दस्त लिहिणारा तेच उतरवतो, आणि तिथे आता शेजाऱ्याचं दोन मजली घर उभं असतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात तीस बाय पन्नासचा प्लॉट टेप लावल्यावर साडेअठ्ठावीस फूट भरला. दीड फूट शेजाऱ्याच्या भिंतीत गेला होता. विकणारा आणि घेणारा दोघंही सज्जन, पण इसार होऊन गेलेला, त्यामुळे बोलाचाली झालीच. तुम्ही इसाराच्या आधी शिक्षकांना सोबत घेऊन टेप लावा.

वकिलाला नोंदणी कार्यालयात मिळकतीच्या जुन्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध, म्हणजे सर्च, घ्यायला सांगा. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश इनामी (चरितार्थासाठी किंवा सेवेबद्दल दिलेल्या) जमिनींवर पडलेले प्लॉट अजून वादात आहेत, आणि गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले, तर कित्येक नोंदणी न करता नुसत्या बॉण्डवर विकले गेलेत. महापालिकेच्या कराच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी झाली, असं होत नाही. तुमच्याकडे नोंदवलेलं खरेदीखत आहे, ही मोठी जमेची बाजू. वडिलांनी घरावर कर्ज घेतलं असेल तर बोजा उतरल्याचा कागद शोधा. पीआर कार्डावर (मिळकत पत्रिकेवर) चौघा वारसांची नोंद आधी करून घ्या.

तुमचं गिऱ्हाईक भाडेकरू आहे, म्हणून एक खास गोष्ट. ताबा त्यांच्याकडे आहेच. इसार घेऊन वर्षभर थांबलात, तर उद्या ते म्हणू शकतात की आम्ही इथे भाडेकरू नाही, खरेदीदार म्हणून राहतोय. ताबा खरेदीदाराकडे असलेल्या साठेखतावर, म्हणजे पुढे विकण्याच्या करारावर, खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्कही मागतात. तेव्हा लांबण लावू नका. शिक्षक कर्ज काढणार असतील तर ते मंजूर होईपर्यंतची मुदत इसार पावतीवर घाला आणि पुढे थेट खरेदीखत करा. तोपर्यंत भाडं चालू राहील, हेही त्यावर लिहा. बँकेचा डीडी हातात आल्यावरच चौघांनी अंगठे द्यायचे. भाड्याचं डिपॉझिट किमतीत वळतं करणार असाल, तर तोही आकडा खरेदीखतात येऊ द्या.