दिवाळीच्या सुट्टीत ४ आणि ६ वर्षांच्या मुलांकडून घरच्या घरी, पसारा न होता, काय काय बनवून घेता येईल?

"पसारा न होता" हे वाचलं आणि राहवलं नाही, एरवी मी इथे नुसती वाचून जाते. पसारा नको असेल तर मुलांना टीव्हीसमोर बसवा आणि कंदील विकत आणा, विषय संपला.

३ वर्षांपूर्वी मुलगा ५ वर्षांचा होता. सोसायटीत खाली किल्ला करायला बंदी, पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणे, म्हणून आम्ही गॅलरीत केला. नर्सरीतून लाल माती, ४-५ विटा, एक फाटकं गोणपाट. गोणपाट चिखलात बुचकळून विटांवर टाकायचं काम त्याचं, त्यात भिंत, जाळी, वॉशिंग मशीन सगळं लाल. अळीव चिमटीने भुरभुरव म्हटलं तर अख्खी वाटी एकाच बुरुजावर ओतली, आणि मग दर दहा मिनिटांनी तांब्याभर पाणी. वसुबारसेच्या आदल्या रात्री तो बुरूज बसला आणि लाल पाणी ओघळलं ते थेट खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई आल्या. किल्ला बघितला आणि संध्याकाळी प्लास्टरचा रेडीमेड घेऊन हजर, हिरवळ वगैरे चिकटवलेली. "वहिनी, कशाला हा उपद्व्याप, हा नुसता पुसला की झालं." पोराने तो उलटा करून बघितला, आतून पोकळ. "ह्यात माती कुठेय?" विचारलं आणि गेला परत आपल्या पडक्या बुरुजापाशी. ढासळलेल्या जागी त्याने वाघाची गुहा केली, महाराजांना वर बसवलं आणि तोफेचं तोंड आमच्याच हॉलकडे. भाऊबीजेपर्यंत अळीव बोटभर वाढलं होतं. रेडीमेडवाला माळ्यावर आहे. नणंदबाई दर दिवाळीला विचारतात काढला का, इथे वाचत असतील तर, नाही काढला.

बरं, तुमचा प्रश्न. ४ वर्षांच्या मुलीला पणत्या द्या. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून नीट वाळवायच्या, नाहीतर तेल पितात. रंग अ‍ॅक्रिलिक घ्या, पोस्टर कलर तेलाने सुटतो. भेंडी आडवी कापून ठसे मारायला दिले की अर्धा तास निघतो. ६ वर्षांच्या मुलाला कंदील जमेल, घोटीव कागद मधोमध दुमडायचा, घडीकडून कापत जायचं पण कडेला दोन बोटं सोडायची, उघडून गोल चिकटवायचा, खाली झिरमिळ्या. वाकडा होईल, होऊ दे. रात्री पोरं झोपल्यावर तो सरळ करणारे आईबाप मला अजिबात आवडत नाहीत, आमच्या घरात पण एक आहेत.

कंदिलात एलईडीच लावा, जुना बल्ब तापतो आणि कागद आहे. अळीव आधी भिजवू नका, चिकट गोळा होतो, सुकंच भुरभुरवून वरून हाताने पाणी शिंपडा. आणि गॅलरीत किल्ला करणार असाल तर खाली जाड प्लास्टिक अंथरा, दोन पदरी, कडा वर दुमडून. हे शेवटचं खालच्या काकूंच्या वतीने.