एसीबी आख्ख्या ऑफिसचे फोन टॅपवर लावू शकते का? (उत्तर लांब आहे)

प्रश्न असा आलाय की मेव्हणा पुण्यातल्या एका सरकारी ऑफिसात इंजिनिअर आहे, तिथे कुजबुज चाललीय की एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने) सगळ्या स्टाफचे फोन टॅपवर घेतलेत, तर असं करता येतं का, आणि दिल्ली हायकोर्ट एक म्हणतं, मद्रास दुसरंच, मग आपण कुणाचं धरायचं. शिवाजीनगर कोर्टात लाचेच्या केसेस चालवल्यात म्हणून लिहितोय.

लोक ज्याला टॅपिंग म्हणतात ते बहुतेक वेळा सापळ्यातलं रेकॉर्डिंग असतं. तक्रारदार १०६४ ला फोन करतो, एसीबीवाले त्याच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देतात, पंचांसमोर पडताळणी होते, साहेब 'चहापाण्याचं काय ते बघा' म्हणाले की झालं, पुढे पावडर लावलेल्या नोटा आणि पंचनामा. यात बोलणाऱ्या दोघांपैकी एकजण राजी असतो, त्यामुळे गृह खात्याची परवानगीबिरवानगी लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच आर. एम. मलकानी केसमध्ये हे मान्य केलंय, तिथे मुंबईचा कॉरोनरच (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) अडकला होता. सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला तेवढंच, हाही वेगळा विषय, आणि बँकेची खाती बघायला तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातच कलम १८ आहे.

आता खरं टॅपिंग, म्हणजे दोघांनाही पत्ता नसताना तिसरा ऐकतोय. आधी टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) होतं, आता २०२३ च्या टेलिकॉम कायद्याचं २०(२), शब्द जवळपास तेच. पहिली अट, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. ती पार केली की मग कारणं: देशाची अखंडता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं. लाचखोरी हा शब्द त्यात कुठेच नाही! सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

ऑर्डर राज्यात गृह सचिवांची लागते, एका वेळी ६० दिवस, ओढून ताणून १८० च्या पुढे नाही. तातडी असेल तर पोलिसांतला आयजी (महानिरीक्षक) दर्जाचा अधिकारी लावू शकतो, पण डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे कामकाजाच्या ७ दिवसांत वरून शिक्कामोर्तब झालं नाही तर ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वापरता येत नाही. शिवाय मजकूर कुठल्या अधिकाऱ्याला द्यायचा तेही ऑर्डरमध्येच लिहावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या एजन्सीने ऐकलेलं एसीबीने सहज उचललं असं होत नाही. आख्ख्या ऑफिसची एक सरसकट ऑर्डर तर विसराच, नंबर आणि कारण लिहावं लागतं.

आता कोर्टांचं. जून २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्रगती मैदानाच्या दोन हजार कोटींवरच्या कंत्राटाच्या केसमध्ये टॅपिंग चालवून घेतलं, एवढ्या रकमेचा भ्रष्टाचार म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेचाच प्रश्न असं धरून. लगेच २ जुलैला मद्रासने ५० लाखांच्या लाचेच्या केसमधली २०११ ची ऑर्डर रद्द केली, कारण ना आणीबाणी ना सुरक्षितता, वर अशा ऑर्डरी तपासणाऱ्या आढावा समितीसमोर मजकूर ठेवलाच नव्हता. पण पुण्याला यातलं कुठलंच बांधील नाही, आपल्याला मुंबई हायकोर्ट, आणि त्यांचा निकाल ऑक्टोबर २०१९ चाच आहे. न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांनी १० लाखांच्या लाचेच्या सीबीआय केसमधल्या तीन टॅपिंग ऑर्डर रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाचा (खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा) आधार घेऊन. दिल्लीची हेडलाइन वाचून घाबरणाऱ्यांनी आधी हा निकाल वाचावा.

माझं मत विचाराल तर दिल्लीचा निकाल मला पटत नाही. दोन हजार कोटींना सुरक्षितता धोक्यात येते आणि दहा लाखांना येत नाही, मग रेषा कुठे मारायची? मोठा भ्रष्टाचार ऐकायला हवा यात वाद नाही, पण मग संसदेने तो सरळ यादीत घालावा आणि परवानगी न्यायाधीशाच्या हातात द्यावी. ऑस्ट्रेलियात भ्रष्टाचारविरोधी आयोगाला (२०२३ मध्ये सुरू झाला) फोन ऐकायला वॉरंट लागतं, ते न्यायाधीश किंवा ट्रिब्युनलचा सदस्य देतो, आणि ऐकलेलं कुणाला देता येतं हेही कायद्यातच लिहिलंय. आपल्याकडे परवानगी देणारे सचिव, आणि तपासणाऱ्या समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव, सगळी घरचीच मंडळी. बंडगार्डन ठाण्यात २०२२ ला राजकीय फोन टॅपिंगचा गुन्हा नोंदला गेला होता, २०२३ ला हायकोर्टाने तो रद्द केला, त्याच्या खरंखोट्यात मी पडत नाही, पण न्यायाधीशाची सही असती तर असले संशय कमी झाले असते एवढं नक्की.

मेव्हण्याला सांगा, कुजबुजीवर नंबर बदलत बसू नको, उलट संशय वाढतो. आणि कधी चार्जशीटमध्ये टॅपिंगचं रेकॉर्डिंग आलंच, तर वकिलाला गृह सचिवांची मूळ ऑर्डर, आढावा समितीचा कागद आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं), तिन्ही पहिल्याच तारखेला मागायला लावा.