विंडोजवर उघड्या खिडक्यांमध्ये पटकन ये-जा करण्यासाठी चांगलं मोफत सॉफ्टवेअर कोणतं?

स्विचरू. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, गिटहब या संकेतस्थळावर मिळतं. ऑल्ट-स्पेस दाबलं की उघड्या खिडक्यांची यादी येते. हव्या त्या खिडकीच्या नावातली दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर मारा, पोचलात.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिसात सगळे म्हणतात, "मुळात एवढ्या खिडक्या उघडताच कशाला?" उत्तर लिहायला बसले ते या वाक्यामुळे.

मी पुण्यात भाषांतराचं काम करते, जास्त करून औषधांची माहितीपत्रकं. एका कामाला मूळ पीडीएफ, मराठीची वर्ड फाइल, एक्सेलमधली शब्दसूची, मागच्या खेपेचं मंजूर झालेलं भाषांतर, ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि मेल, एवढं लागतंच. दोन कामं एकदम आली की डझनभर खिडक्या होतात. 2018 साली मी एका एजन्सीत नोकरीला होते. एका संध्याकाळी दोन माहितीपत्रकं बरोबरच द्यायची होती, दोन्ही मधुमेहाच्या गोळ्यांची. ऑल्ट-टॅब दाबलं की वर्डच्या पाच खिडक्या दिसायच्या, पाचही छोट्या चित्रांत तीच पांढरी पानं. 'हे औषध कोणी घेऊ नये' हा एका गोळीचा परिच्छेद मी दुसऱ्या गोळीच्या फाइलमध्ये चिकटवला. तपासणाऱ्या ताईंनी पकडला, नाहीतर तसाच छापायला गेला असता.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे एका वेळी एकच फाइल उघडायची." मी गप्प बसले. चूक माझीच होती, आणि ती गंभीर होती. पण उपाय साफ चुकीचा होता. शब्दसूची बंद ठेवायची म्हणजे 'मूत्रपिंड' लिहायचं की 'किडनी', हे दर वेळी आठवणीवर सोडायचं. त्यातून जास्त चुका होतात.

खरी अडचण खिडक्यांच्या संख्येची नव्हतीच. ऑल्ट-टॅब खिडक्या शेवटच्या वापराच्या क्रमाने लावतं, त्यामुळे प्रत्येक उडीनंतर क्रम बदलतो आणि हाताला सवय लागत नाही. नावाने शोधलं की क्रमाशी संबंधच उरत नाही. त्या आठवड्यात स्विचरू टाकलं, आणि प्रत्येक फाइलच्या नावाआधी कामाचा क्रमांक घालायला लागले. तशी चूक पुन्हा झालेली नाही.

दोन गोष्टी राहिल्या. फाइलची नावं देवनागरीत असतील तर शोधताना कीबोर्डही मराठीवर लागतो, नाहीतर यादी रिकामी दिसते. म्हणूनच तो क्रमांक, तोही इंग्रजी आकड्यांत. आणि मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज (विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचा मोफत संच) तुमच्याकडे आधीच असेल तर त्यातलं 'रन' हे शोधायचं साधनही मुळात ऑल्ट-स्पेसच वापरतं, दोन्ही भांडतील. तसं असेल तर स्विचरू नकोच. रनमध्ये '<' हे चिन्ह टाकून खिडकीचं नाव लिहा, काम होतं. ऑल्ट-टॅबमध्ये एज ब्राउझरचे टॅब घुसत असतील तर सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंगखाली ते बंद करता येतात.

ऑफिसात पुन्हा कोणी बोललं तर त्यांना खुर्चीशेजारी बसवा, उघड्या खिडक्या एकेक करून दाखवा आणि विचारा, यातली कुठली बंद करू? मला त्या संध्याकाळी हे सुचलं नाही.