ब्रिटनने अणुयुद्धासाठी वाफेची इंजिनं बोगद्यात लपवून ठेवली आहेत, हे खरं आहे का? कुठल्या देशाने असं खरंच केलंय का?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की त्यांनी एका व्हिडिओत ऐकलं, इंग्लंडमध्ये बॉक्स टनेल नावाच्या बोगद्याशेजारी डोंगराच्या पोटात कोळशाची इंजिनं अजून उभी आहेत, युद्ध झालं की बाहेर काढणार. तर आधी उत्तर सांगतो: ब्रिटनचं खोटं आहे, रशियाचं आणि स्वीडनचं खरं आहे. आता जरा नीट सांगतो, कारण माझे आजोबा दौंडला लोको शेडमध्ये आधी फायरमन (म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा) आणि मग ड्रायव्हर होते, आमच्या घरात जेवताना सुद्धा इंजिनाचाच विषय असायचा, आणि हा विषय मला मनापासून आवडतो.

ब्रिटनमध्ये रेल्वेची स्वतःची मेन लाइनवरची वाफेची गाडी ११ ऑगस्ट १९६८ ला शेवटची धावली. लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइल आणि परत, तिकीट १५ गिनी, म्हणजे त्या काळात बरीच मोठी रक्कम. दुसऱ्या दिवसापासून रेल्वेने वाफेच्या इंजिनांवर काही वर्षं बंदीच घातली. लोकांना हे पचलं नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्यांचं ९एफ नावाचं मालगाडीचं इंजिन होतं, दहा मोठी चाकं, फार ताकदीचं, १९५४ ते १९६० मध्ये २५१ बांधली. त्यातलं शेवटचं 'इव्हनिंग स्टार' मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि मार्च १९६५ मध्ये सेवेतून काढलं, पाच वर्षांत! इंजिनाचं आयुष्य आरामात तीस-चाळीस वर्षांचं, मग एवढी नवी कोरी इंजिनं कोण भंगारात घालेल, नक्की कुठेतरी ठेवली असतील असं लोक म्हणायला लागले. त्यात तेल बाहेरून यायचं, कोळसा मात्र स्वतःच्या खाणीतला, १९५६ ला सुएझचं संकट, म्हणजे कालवा बंद पडून तेलाची टंचाई, होऊन गेलेलं. वर असंही म्हणायचे की अणुबॉम्ब फुटला की डिझेल इंजिनाची इलेक्ट्रिकची यंत्रणा जळेल, वाफेच्या इंजिनाला काही होणार नाही. सगळं ऐकायला पटतं.

आणि बॉक्स टनेलचं नाव उगाच आलेलं नाहीये. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधलेला तो बोगदा १८४१ मध्ये सुरू झाला, जवळजवळ तीन किलोमीटर लांब, आणि त्याच्या पूर्वेकडच्या तोंडाशेजारी खरंच एक दुसरं छोटं तोंड आहे. ते आत दगडाच्या जुन्या खाणीत जातं. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळ्याचं प्रचंड मोठं भूमिगत कोठार होतं आणि आत मालगाडीसाठी प्लॅटफॉर्म सुद्धा होता. पुढे शेजारच्याच दुसऱ्या खाणीत, ३५ एकरात, सरकारने अणुयुद्ध झालं तर ४००० लोकांना बसता येईल असं गुप्त मुख्यालय बांधलं, त्याचं एक सांकेतिक नाव बर्लिंग्टन. ते २००४ पर्यंत अधिकृतपणे गुप्त होतं. म्हणजे रेल्वेलाइनवरून दिसणारा बंद दरवाजा, आत काहीतरी गुप्त आहे हे सगळ्यांना माहीत, मग लोकांनी त्यात आपली लाडकी इंजिनं नेऊन ठेवली. गुपित उघडलं तेव्हा आत ऑफिसं, टेलिफोन एक्सचेंज, स्वयंपाकघरं सापडली. इंजिन एकही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथले रेल्वेवेडे. पोरं वहीत इंजिनाचे नंबर टिपत फिरायची, कुठलं इंजिन कुठल्या भंगारवाल्याकडे गेलं याचा हिशोब नंतर लोकांनी एकेक नंबर घेऊन तपासलाय. काही नोंदी चुकीच्या निघाल्या आणि तेवढ्यावरूनच अफवा अजून वाढल्या. वाचली ती इंजिनं बोगद्यात नाही, उघड्यावर वाचली. वेल्समधल्या बॅरी गावात डाय वुडहॅम यांच्या भंगाराच्या आवारात २९७ इंजिनं आली होती, त्यांनी डबे आधी तोडायला घेतले, इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली, आणि त्यातली २१३ इंजिनं लोकांनी वर्गण्या काढून सोडवून नेली. मला विचाराल तर खरा राखीव साठा हाच म्हणायचा.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो आजोबांकडून आलाय. ते म्हणायचे, इंजिन म्हणजे एकटं इंजिन नसतं रे. थंड पडलेलं मोठं इंजिन पेटवायला आठ-दहा तास सहज जातात, घाई केली तर बॉयलरचे पत्रे एकीकडे तापतात, एकीकडे गार राहतात, आणि सांधे गळायला लागतात. पाण्यात क्षार असले की आत त्यांचा थर बसतो, म्हणून ठराविक दिवसांनी वॉशआउट, म्हणजे प्लग उघडून सगळा बॉयलर आतून धुवायचा. ट्यूबा गळतात, त्या बदलाव्या लागतात. भट्टीत राख साचते ती काढायला खाली खड्डा लागतो. वाटेत पाणी भरायला तो हत्तीच्या सोंडेसारखा नळ लागतो, टाकी लागते, टाकीला विहीर नाहीतर नदी लागते. कोळसा लागतो, आणि कोळसा कसा टाकायचा हे अंगात मुरलेला फायरमन लागतो, भट्टीत कुठे पातळ कुठे जाड थर द्यायचा हे पुस्तकातून येत नाही. बॉयलर तर नुसता उभा राहिला तरी खराब होतो, आत ओल राहिली की पत्रा खाल्ला जातो. इंग्लंडमध्ये आज पर्यटनासाठी जी इंजिनं चालतात त्यांचा बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण उतरवून तपासतात.

म्हणून कोणी म्हटलं की अमुक देशाने इंजिनं लपवलीत तर मी इंजिनं शोधायला जात नाही. पाण्याचे नळ, शेड आणि माणसं कुठे ठेवलीत ते बघतो. ब्रिटनमध्ये शेवटी तीनच शेड उरली होती, लॉस्टॉक हॉल, रोज ग्रोव्ह आणि कार्नफोर्थ, ती १९६८ लाच वाफेसाठी बंद झाली. देशभर कोळसा भरायचे मनोरे पाडले, पाण्याची सोय काढून टाकली, ड्रायव्हर डिझेलवर गेले आणि फायरमनचं मूळ कामच संपलं. १९७३ ला तेलाचं संकट आलं तेव्हाही एक इंजिन बाहेर आलं नाही. याउलट त्याच देशाने ग्रीन गॉडेस नावाचे हिरवे आगीचे बंब खरंच राखून ठेवले होते, आणि १९७७ आणि २००२ ला अग्निशमन दलाचा संप झाला तेव्हा सैनिक तेच बंब घेऊन रस्त्यावर आले. साठा असला की तो असा कधी ना कधी बाहेर येतो.

आता रशिया. सोव्हिएत युनियनने १९५६ ला मोठी वाफेची इंजिनं बांधणं थांबवलं पण सगळीच तोडली नाहीत. जागोजागी राखीव इंजिनांचे तळ केले, आणि हे तळ बोगद्यात वगैरे नाही, जंगलाकडेला रुळांच्या लांबच लांब ओळी. पेर्मजवळचं शुमकोवो आणि पश्चिमेचं रोस्लाव्ल ही त्यातली माहीत असलेली नावं. हलणाऱ्या भागांना जाड ग्रीस, चिमणीवर झाकण, केबिनच्या खिडक्यांना फळ्या, आणि मुख्य म्हणजे देखभालीला नेमलेली माणसं. 'एल' मालिकेची मालगाडीची इंजिनं, युद्धात जर्मनांकडून मिळालेली ५२ क्लासची इंजिनं, हिरवी देखणी पी३६ पॅसेंजर इंजिनं, सगळी होती. (योगायोग बघा, पी३६ सुद्धा बरोबर २५१ च बांधली होती, ९एफ इतकीच. ब्रिटनच्या २५१ बद्दल दंतकथा झाली आणि रशियाच्या २५१ मधली काही खरंच राखून ठेवली गेली.) १९९० नंतर देशच तुटला, पैसा नाही, बरीच इंजिनं भंगारात गेली, काही जर्मन इंजिनं युरोपातल्या हौशी लोकांनी विकत घेऊन परत नेली.

स्वीडनचं कारण अजून साधं. त्यांच्या मुख्य लाइन विजेवर होत्या, वीजघर किंवा तारा बॉम्बने गेल्या तर गाड्या बंद, म्हणून युद्धानंतर कित्येक वर्षं त्यांनी वाफेची इंजिनं शेडमध्ये जपून ठेवली, १९९० च्या सुमारास तो साठा मोडला. त्यातली बरीच म्युझियमवाल्यांकडे गेली.

भारताचं कोणीतरी कमेंटमध्ये विचारेलच म्हणून सांगतो. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ पर्यंत चालली, यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीला तर १९९४ पर्यंत मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन होतं, आणि रेवाडीच्या शेडमध्ये आज जी इंजिनं पेटतात ती वारसा म्हणून जपलेली आहेत, युद्धासाठी नाही.

आणि वाफेचं इंजिन अडचणीत कामाला आल्याचं अलीकडचं उदाहरण हवं असेल तर डिसेंबर २००९ चं आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये बर्फामुळे विजेच्या लोकल अडकल्या, लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर घरी जाणारे लोक ताटकळत उभे, आणि तेव्हा टोर्नॅडो नावाचं वाफेचं इंजिन तिथे खास गाडी घेऊन आलेलं होतं, त्याने सुमारे १०० जणांना रिकाम्या जागांवर बसवून केंटला घरी पोचवलं. हे इंजिन सरकारने लपवलेलं नव्हतं. हौशी लोकांनी वर्गणी जमवून २००८ मध्ये नवीन बांधून पूर्ण केलं होतं, आणि त्या दिवशी ते चालू शकलं कारण ते आधीच पेटलेलं होतं, पाणी भरलेलं होतं आणि फावडं हातात घेतलेला फायरमन आत उभा होता.