धमनी, रोहिणी, नीला आणि ‘अशुद्ध’ रक्त

विट्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय : ‘मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले, शुद्ध रक्त नेते ती धमनी आणि अशुद्ध रक्त नेते ती शीर. मग आकृतीत फुप्फुस-धमनी येते आणि तिच्यात नेमकं अशुद्ध रक्त! मुलं गालात हसतात. शब्द चुकलाय की व्याख्या? माझ्या वडिलांच्या तोंडी धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला असे शब्द होते, ते बरे होते का? आणि अलिंद हे कुठून आलं?’

शब्द बरोबर आहे, व्याख्या चुकीची. हृदयातून निघते ती धमनी, हृदयाकडे येते ती शीर. आतलं रक्त कसं आहे, याच्याशी या नावांचा संबंध नाही.

तुमच्या मुलांना कळेल असं सांगतो. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून कृष्णेचा कालवा निघतो. पावसाळ्यात त्यातून लालसर गढूळ पाणी येतं, म्हणून कोणी त्याला ओढा म्हणत नाही. नदीतून पाणी घेऊन निघतो तो कालवा, नदीला येऊन मिळतो तो ओढा. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी कितीही नितळ असलं तरी त्याचा कालवा होत नाही.

आता रक्ताची वाट बघा. अंगभर फिरून आलेलं काळपट रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येतं, त्रिदल झडपेतून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) उतरतं आणि तिथून फुप्फुसांकडे जातं. ज्या नळीतून जातं ती हृदयातून निघाली, म्हणून धमनी. फुप्फुसांत ऑक्सिजन घेऊन, लालभडक होऊन ते चार नळ्यांतून डाव्या अलिंदात परततं. त्या हृदयाकडे आल्या, म्हणून फुप्फुस-शिरा. पुढे द्विदल झडप, डावा निलय आणि तिथून महाधमनीवाटे पुन्हा अंगभर. उजवी बाजू शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलते, डावी पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, त्यामुळे डाव्या निलयाची भिंत कितीतरी जाड. रक्त मात्र दोन्ही बाजूंनी तेवढंच जातं, विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर.

हसणाऱ्या मुलांना आणखी एक उदाहरण द्या. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. वारेकडून बाळाला ऑक्सिजन आणून देते ती शीर! शुद्ध-अशुद्धवाली व्याख्या तिथेही आपटते.

रोहिणी आणि नीला हे शब्द कानाला गोड आहेत, आणि आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांना त्यांचा थोडा अभिमानही असायला हवा. वाईत बसून जो मराठी विश्वकोश घडला (प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पहिला खंड १९७६), त्यात हेच शब्द भेटतात. पण ते रंगावरून आलेत. रोहिणी म्हणजे तांबडी. रोहिणी नक्षत्राचा ठळक ताराही तांबूसच दिसतो. नीला म्हणजे निळी. इथेच घोळ आहे. फुप्फुस-रोहिणीत रक्त काळपट आणि फुप्फुस-नीलेत लालभडक, म्हणजे दोन्ही नावं उलटी पडली. शिवाय निळं रक्त कोणाच्याच अंगात नसतं. परवा आईची रक्ततपासणी होती. रक्त घ्यायला आलेली मुलगी म्हणाली, ‘आजी, मूठ आवळा, शीर सापडंना.’ कोपराच्या खोबणीत एकदाची निळसर रेघ दिसली, सुई गेली आणि नळीत आलं ते गर्द मरून रंगाचं. आई म्हणाली, ‘बाई, किती काळं गं!’ काळं नाही आणि निळंही नाही. निळा दिसतो तो कातडीतून परतणाऱ्या उजेडाचा खेळ.

त्यापेक्षा धमनी आणि शिरा यांची घडण जास्त शहाणी वाटते. चरकसंहितेत दोन शब्दांत उलगडा आहे : ‘ध्मानाद् धमन्यः’, ‘सरणात् सिराः’. धमनीत धातू ‘ध्मा’, भात्याने फुंकावं, फुगवावं तसा. मनगटावर बोट ठेवलं की जे उडतं ते हेच. शिरा ‘सृ’पासून, सरणं, वाहत जाणं, ती उडत नाही. जुने ग्रीक वैद्य तर धमन्यांत हवाच असते असं समजत, कारण मृतदेहात त्या रिकाम्या सापडायच्या. चरकातल्या धमन्या-सिरा आजच्या अर्थाने तंतोतंत नाहीत, हेही खरं. पण एक ठोके देते आणि दुसरी नुसती वाहते, हा फरक नावातच राहिला, हे आपलं नशीब. एकवचन मात्र ‘शीर’च लिहा. ‘एक शिरा’ लिहिलंत तर मुलांना रवा आणि तूप आठवेल.

माझं खरं भांडण ‘अशुद्ध’शी आहे. जुन्या मराठीत अशुद्ध हे नाम म्हणूनच येतं आणि त्याचा अर्थ रक्त. ‘अशुद्धाचे पाट वाहिले’ असा तो प्रयोग. तेव्हा सांडलेलं सगळंच रक्त विटाळाचं! तो शब्द शाळेच्या फळ्यावर चढला आणि निम्मं रक्त घाणेरडं ठरलं. त्यातून ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ काढ्यांचीही सोय झाली. प्रत्यक्षात परतीच्या रक्तातही भरपूर ऑक्सिजन उरलेला असतो. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्या रक्तातलं हिमोग्लोबिन सुमारे ७० ते ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. म्हणून ‘ऑक्सिजनविरहित’ही नको. ‘ऑक्सिजन कमी असलेलं रक्त’ लांबलचक आहे खरं, पण खोटं नाही.

‘नस’ वर्गात टाळा. बोलण्यात ती सगळ्यांना पुरते : मानेची नस दबली म्हणजे मज्जातंतू, सुईला नस मिळेना म्हणजे शीर, हार्टच्या नसा ब्लॉक म्हणजे धमन्या.

राहिलं अलिंद. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आपल्याकडच्या भाषेत सोपा. लॅटिन ‘एट्रियम’ हा रोमन घरातला दर्शनी चौक, त्याला कोणीतरी हा चपखल जोड शोधला. निलय म्हणजे राहण्याची जागा. आलेला पाहुणा आधी सोप्यात टेकतो, मग आत जातो, रक्तही तसंच. याआधी कर्णिका हा शब्द चालायचा, म्हणजे छोटा कान. अलिंदाला खरोखरच कानाच्या पाळीसारखा एक फुगीर भाग असतो, नाव त्यावरून. पण एका पाळीचं नाव अख्ख्या सोप्याला कशाला? तुमच्या वर्गात सोपाच सांगा, आणि कंसात अलिंद.