वॉरक्राफ्टमध्ये सहा मित्रांचा ग्रुप कसा करायचा, सांभाळायचा कसा?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये पार्टी, म्हणजे एकत्र खेळणारा छोटा ग्रुप, 5 जणांचीच होते, सहावा घ्यायचा असेल तर तिची रेड, म्हणजे मोठा ग्रुप, करावी लागते, त्यात 40 जण मावतात पण मग साध्या क्वेस्ट (गेममध्ये मिळणारी कामं) बहुतेक पूर्ण होत नाहीत. म्हणून डन्जनला (ग्रुपने लढायच्या जागेत) पाचच जा, एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारा), तिघं मारणारे, सगळ्यांना मारणाराच व्हायचं असतं आणि हीलर व्हायला कोणी तयार नसतं त्यामुळे जो होईल त्याला खरंच जपा. आमच्या ग्रुपमध्ये कोणाला तरी सकाळची विरार लोकल पकडायची असतेच, तर लीडर मध्येच उठणार असेल तर निघण्याआधी स्क्रीनवरच्या मित्राच्या कॅरेक्टरच्या फोटोवर राइट क्लिक करून लीडर त्याला करा, कारण नवीन माणूस लीडरच आत घेऊ शकतो. रेडमध्ये असिस्टंटपण, म्हणजे लीडरने नेमलेला मदतनीसही, घेऊ शकतो.